हजेरी मुलांची, जबाबदारी आईबापांची



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी 'माझे मत' हा विषय दिला. बाकीच्यांनी झाडे लावा, पाणी वाचवा असं लिहिलंय आणि चित्रंही छान काढली आहेत. मला चित्र येत नाही. पण वर्गाच्या फळ्यावर रोज सकाळी 'पट' आणि 'हजर' हे दोन आकडे लिहायचं काम माझ्याकडे आहे. म्हणून मी त्याच दोन आकड्यांवर लिहिणार आहे. लहान तोंडी मोठा घास होईल, पण पालकांनी राग मानू नये.

आमच्या वर्गाचा पट १९ आहे. जून महिन्यात हजर १७, १८ असतात. एखाद्याला ताप आला, एखादी मामाच्या गावाला राहिली, एवढंच. बाजारच्या दिवशी हजर १२ होतात. दिवाळीची सुट्टी संपली की मात्र ८ किंवा ९. पटाचा आकडा तोच राहतो, तो मला रोज लिहावा लागतो. बाहेरून साहेब आले तर त्यांना आधी हाच फळा दिसतो. ते विचारतात, "बाकीची मुलं कुठं आहेत?" आणि गुरुजी सांगतात, "कारखान्याला."

आपला बीड जिल्हा ऊसतोडीसाठी सगळ्या महाराष्ट्रात माहीत आहे. दिवाळीच्या सुमारास इथून ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडं जातात. काहीजण कर्नाटकात जातात. कारखाना बंद झाला, पट्टा पडला, की मार्च-एप्रिलला परत येतात. आईबापांना एकटं जाता येत नाही, कारण मुकादमाकडून उचल घेताना नवराबायकोची जोडी लागते. तिला एक कोयता म्हणतात. बाप ऊस तोडतो, आई मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडी भरते. मग घरातलं बारकं लेकरू कोणी सांभाळायचं? थोरल्या बहिणीनं. थोरली म्हणजे किती थोरली? आमच्या वर्गाएवढी.

आमच्या वर्गातली एक मैत्रीण गेल्या वर्षी गेली होती. तिचं नाव मी लिहीत नाही. ती सांगते की आईवडील पहाटे चार वाजता फडात जायचे. ती कोपीत लहान भावाला घेऊन बसायची. पाणी आणायची, भाकरी करायला शिकली. कोपीला दार नसतं, म्हणून सामान सोडून कुठं जाता यायचं नाही. ती गेली तेव्हा आम्ही हातच्याची वजाबाकी संपवून भागाकार सुरू केला होता. ती आली तेव्हा अपूर्णांकही संपले होते. ती बुद्धीनं कमी नाही. दुसरीत असताना पाढ्यांत ती माझ्या पुढं होती, हे सगळ्या वर्गाला माहीत आहे. आता गुरुजींनी फळ्यावर गणित घातलं की ती वही उघडते आणि शिसपेन तासत बसते. पेन्सिलीला टोक असलं तरी तासते.

मी गुरुजींना विचारून एक हिशोब केला. शिक्षण हक्काच्या कायद्यात लिहिलंय की पहिली ते पाचवीची शाळा वर्षातून कमीत कमी २०० दिवस भरली पाहिजे. ऊसतोडीला गेलेल्या मुलाचं दुसरं सत्र जवळजवळ सगळं जातं. म्हणजे २०० मधले १०० गेले असं धरू. पहिली ते चौथी दरवर्षी असंच झालं तर ४०० दिवस गेले. ४०० दिवस म्हणजे दोन पूर्ण वर्षं. चौथीच्या बाकावर बसलेलं ते मूल खरं म्हणजे दोनच वर्षं शिकलेलं आहे. त्याला चौथीचं पुस्तक कळत नाही म्हणून कोणी त्याला 'ढ' म्हणू नये. आपल्या वर्गात काहीजण म्हणतात. हे मला आवडत नाही.

आता बाजाराचा हिशोब करते, कारण तो कारखान्याला न जाणाऱ्यांनाही लागू आहे. आठवड्यातून सहा दिवस शाळा, म्हणजे २०० दिवसांचे साधारण ३३ आठवडे झाले. दर बाजारला एक दिवस बुडाला तर वर्षात ३३ दिवस. चार वर्षांत १३२ दिवस. घरी कोणाला विचारलं तर ते म्हणतील, "एका दिवसानं काय होतंय?" एका दिवसानं काहीच होत नाही, पण तो एक दिवस दर आठवड्याला येतो. आणि बाजारात मुलाचं काम तरी काय असतं? पिशवी धरायची आणि भजी खायची. माझ्या मते भजी शाळा सुटल्यावर खाल्ली तरी चालतात. घरी आणलेली थोडी गार होतात, एवढंच.

लग्न, जावळ, जत्रा यांचं मी जास्त लिहीत नाही. आपल्या जत्रेला मीही जाते. पण पाहुण्यांच्या गावची जत्रा, मग त्यांच्या पाहुण्यांच्या गावची जत्रा, असं करू नये.

पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वस्तीवरची मुलं येत नाहीत. ते कारण खरं आहे. त्यांना मी गैरहजर लिहिते तेव्हा मला वाईट वाटतं. त्यांच्या आईबापांचा त्यात काही दोष नाही. ओढ्यावर पूल पाहिजे.

आता जबाबदारीचं सांगते. मूल शाळेत आलं नाही की सगळे मुलालाच रागावतात. घरी विचारलं तर म्हणतात, "तोच जात नाही, आम्ही काय करणार?" मला हे बरोबर वाटत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाचं ऐकून म्हैस विकतात का? घर बांधतात का? मग शाळेला जायचं का नाही एवढीच एक गोष्ट त्याच्यावर का सोडतात?

आपल्या बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीच्या पानावर नागरिकांची मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात. आम्ही ते पान कधी वाचत नव्हतो, थेट पहिल्या धड्यावर जायचो. गुरुजींनी एकदा परिपाठाला ते वाचायला लावलं. त्यात सगळ्यात शेवटचं, अकरावं कर्तव्य पालकांचं आहे. ६ ते १४ वर्षांच्या आपल्या मुलांना शिकायची संधी द्यायची, असा त्याचा अर्थ. आधी दहाच कर्तव्यं होती. २००२ साली संविधानात ८६ वी दुरुस्ती झाली तेव्हा हे अकरावं आलं. त्याच दुरुस्तीनं शिक्षण हा मुलांचा हक्क झाला. म्हणजे मुलाचा हक्क आणि आईबापाचं कर्तव्य एकाच वेळी लिहिलं गेलं. पुढं २००९ साली मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. मुलाचं नाव शाळेत घालणं हे पालकाचं काम आहे असं त्यातही आहे. पुस्तक ज्या घरात आहे त्या घरात कर्तव्यांचं ते पान आहे. माझी पालकांना विनंती आहे की एकदा मुलांकडून ते वाचून घ्या. वाचणाऱ्याचं वाचनही होईल.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. जे आईबाप मुलाला शाळेत पाठवणार नाहीत त्यांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. मी हे घरी वाचून दाखवलं तेव्हा आमचे आजोबा म्हणाले, "तेव्हाचा एक रुपया म्हणजे लई झाला." आत्ताच्या कायद्यात पालकाला दंड नाही. दंड पाहिजे असं काहीजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्यानं उचल घेतली आहे त्याच्याकडून आणखी दंड घेतला तर तो फेडायला पोराला अजून लवकर कामावर नेईल. पण महाराजांनी दंड मुलाला न लावता बापाला लावला होता, हे मला पटलं.

माझी आई शाळेत होती तेव्हा काही मुलींना हजेरीचा रोज एक रुपया मिळायचा. १९९२ साली ती योजना निघाली होती. गरीब घरच्या मुलींची शाळा बुडू नये म्हणून. आई सांगते की तिच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील त्या रुपयासाठी का होईना, तिला रोज हाताला धरून शाळेत आणून सोडायचे. आईला मात्र सातवीनंतर घरी बसवलं. हायस्कूल दुसऱ्या गावाला होतं आणि मुलगी एकटी कशी जाणार, असं झालं. आई आता पालकसभेला आली की सही करते. सही करताना इकडंतिकडं बघते, मला कळतं तिला अजून काहीतरी लिहायचं असतं. शाळा व्यवस्थापन समितीत चारात तीन पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, असं कायद्यात आहे. पण सभेत बायका भिंतीकडं बसतात आणि बोलतात ते पुरुषच. बायकांनी बोलावं, कारण पोराला शाळेत कोण पाठवतं आणि कोण ठेवून घेतं हे त्यांनाच जास्त माहीत असतं.

काही पालक म्हणतात, "शाळेत जाऊन खिचडी तर खातात." हो, खातो. खिचडी चांगली असते आणि ज्या दिवशी वाटाणा असतो त्या दिवशी जास्त चांगली असते. पण खिचडीच्या आधी तीन तास आणि नंतर दोन तास आम्ही काय करतो हे बघायला एकदा येऊन बसा. गुरुजी कोणाला नाही म्हणत नाहीत. माझे काका एकदा दाखला न्यायला आले आणि गर्दी होती म्हणून आमच्या वर्गात मागं बसले. त्या दिवशी नकाशा होता. त्यांनी ज्या कारखान्यावर पाच वर्षं ऊस तोडला तो तालुका त्यांना नकाशात पहिल्यांदा दिसला. त्यांनी बोट ठेवून बीडपासून तिथपर्यंत किती बोटं होतात ते मोजलं. नंतर ते दाखला न घेताच निघाले होते, गुरुजींनी परत बोलावलं.

शाळा बंद राहिली तर काय होतं हे आपण सगळ्यांनी बघितलेलं आहे. २०२० च्या मार्च महिन्यात कोरोनामुळं शाळा बंद झाल्या. तेव्हा माझा भाऊ दुसरीत होता. त्याची तिसरी घरीच गेली. अभ्यास मोबाइलवर यायचा, पण घरात मोबाइल एकच आणि तो बाबांबरोबर शेतात. भावाचा गुणाकार तेव्हा जो राहिला तो फार दिवस राहिला. अजून तो सातचा पाढा म्हणताना सात सक्क्यावर थांबतो. सगळ्या गावाला तेव्हा वाईट वाटलं होतं, पोरांचं नुकसान झालं असं सगळे म्हणत होते. मग कारखान्याला नेलेल्या पोराचं दरवर्षी तेवढंच नुकसान होतं, तेव्हा का कोणी म्हणत नाही?

पुढच्या वर्षी आपण पाचवीत जाणार. पाचवीच्या शेवटी आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुन्हा एकदा परीक्षा घेतात आणि त्यातही नापास झालं तर पाचवीतच ठेवतात. आत्तापर्यंत आपल्याला कोणी मागं ठेवलं नाही, म्हणून हजेरीचं कोणाला काही वाटलं नाही. माझ्या त्या मैत्रिणीला भागाकार येत नाही. यंदाही ती गेली तर ती पाचवीत कशी पास होणार? आणि पास नाही झाली तर घरचे काय म्हणतील? "हिला शाळेत काही येत नाही, हिला कारखान्यालाच न्या." असं म्हणतील अशी मला भीती वाटते. हे तिच्या आईनं वाचावं म्हणून मी मोठ्या अक्षरात लिहिलंय. त्यांना वाचता येत नसेल तर कोणीतरी वाचून दाखवा.

कोणी म्हणेल, "पोट भरायचं का शाळा बघायची?" हा प्रश्न खोटा नाही. आपल्याकडं पाऊस कमी, विहिरी दिवाळीनंतर आटतात, कापूस वेचून झाला की हाताला काम राहत नाही. उचल घेऊन कोणी लग्न केलंय, कोणी दवाखाना केलाय, ती फेडावी लागते. आईबाप हौसेनं जात नाहीत, हे मला कळतं. आमच्या घरचेही दोन वर्षं गेले होते. पण आईबापांनी जाणं आणि पोरांना नेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्हाला आजीपाशी ठेवलं होतं. आई गेली त्या रात्री मी रडले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आले. इतकी माणसं ट्रकमध्ये बसलेली बघून शाळेत येणं सोपं नसतं, पण आले.

ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी मुलांना ठेवून जावं. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृह असतं. मूल रात्री आजीपाशी किंवा नातेवाइकांकडं झोपतं आणि सकाळसंध्याकाळचं जेवण त्याला शाळेत मिळतं. आजीला दोन वेळा चूल पेटवावी लागत नाही. दुपारी खिचडी असतेच. आजीला एवढंच बघायचं की मूल आंघोळ करून वेळेवर निघालं का. आमची आजी घड्याळ बघत नाही, पण शाळेची घंटा ओळखते.

ज्यांच्या घरी कोणीच नाही त्यांना मुलांना न्यावंच लागतं. त्यांनी जायच्या आधी गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड घ्यावं. त्यावर मुलाची इयत्ता आणि त्याला काय काय येतं ते लिहिलेलं असतं. तिकडच्या गावात ते दाखवलं की जवळच्या शाळेत बसवून घेतात. पण फडात जाताना कार्ड पेटीत आणि पोरगं कोपीत, असं करू नका. माझ्या मैत्रिणीचं तसंच झालं. शाळा कोपीपासून लांब नव्हती, तिथली घंटा तिला ऐकू यायची. कर्नाटकात जाणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. तिकडं शाळा कानडी. आपल्या पोराला अक्षरच लागत नाही. म्हणून कर्नाटकात जाणाऱ्यांनी तर मुलांना इथंच ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि बारक्या लेकराला कोण सांभाळणार, हा प्रश्न राहतोच. त्याचं उत्तर मला पूर्ण येत नाही. पण ते उत्तर 'थोरली बहीण' असू नये. थोरला भाऊ असला तर त्याला असं बसवत नाहीत, हे मी बघितलंय. भाऊ शाळेत आणि बहीण कोपीत, अशी दोन घरं आपल्याच गल्लीत आहेत. घरातल्या कामाबद्दलही कायदा आहे. चौदा वर्षांच्या आतल्या मुलानं घरच्यांना मदत करायची ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, असं २०१६ सालच्या दुरुस्तीत आहे. भांडी घासणं, गोवऱ्या थापणं, शेरडं सोडून आणणं हे आम्ही करतोच आणि करूच. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढा वेळ आम्हाला सोडा, बाकीचा तुमचा.

वर्गातल्या मुलांनाही दोन शब्द सांगते. कारखान्यावरून कोणी परत आलं की त्याला "काय रे, गूळ आणला का?" असं चिडवू नका. त्याला वही दाखवा. मी माझ्या मैत्रिणीसाठी भागाकाराची दहा गणितं रीतीसकट उतरवून ठेवली आहेत. दोन गणितं तिला कळली, तिसऱ्यात शून्य येतं तिथं ती अडली. शून्याचं मला नीट सांगता येत नाही, ते बाई सांगणार आहेत.

दसरा झाला की मुकादमाची माणसं गावात येतील आणि घरोघर हिशोब सुरू होतील. त्याच्या आधी पालकसभा आहे. मुलांना कोणाकडं ठेवणार, वसतिगृहात नाव घालणार का कार्ड नेणार, हे त्या सभेत सांगायचं आहे. गुरुजींनी ऑफिसच्या खिडकीत एक वही ठेवली आहे. तिच्यात मुलाचं नाव, इयत्ता आणि जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं आम्ही चौथीची मुलं मधल्या सुट्टीत लिहून देऊ. वहीला दोऱ्यानं पेन बांधलेलं आहे. आत्तापर्यंत तीन नावं आली आहेत. माझ्या मैत्रिणीच्या नावासाठी चौथी ओळ मी रिकामी ठेवायला सांगितली आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी